इम्युनिटी वाढवा म्हणजे नक्की काय वाढवा?

टीबी झालाय असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी अर्धं पाऊल मागे सरकतो आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "इम्युनिटी कमी झाली असणार तुझी." माझा टीबी मानेतल्या गाठींचा, तो खोकल्यातून कुणाला होत नाही, पण हे सांगेपर्यंत समोरच्याचा रुमाल नाकावर गेलेला असतो त्यामुळे ते सोडा. इम्युनिटीचं वाक्य मात्र मला जाऊबाईंनी ऐकवलं, सोसायटीतल्या काकांनी ऐकवलं, आणि केमिस्टकडच्या पोऱ्यानं तर "मॅडम हे पण घेऊन जा, बूस्टर आहे" म्हणून एक बाटलीच पुढे केली. कोविडनंतर हे जरा अतीच झालंय. काढा इम्युनिटी वाढवतो, च्यवनप्राश वाढवतो, आता बिस्किटंसुद्धा वाढवायला लागलीत. आणि कुणी विचारत नाही की वाढवायचं ते नक्की काय, आणि ते वाढलं तर चांगलंच होणार हे कुणी ठरवलं?

मला हा प्रश्न पडला त्याला कारण घडलं. गोळ्यांचा पहिला टप्पा संपत आला होता, संध्याकाळचा बारीक ताप गेला होता, वजन थोडं वर सरकलं होतं, लाल लघवीचीही सवय झाली होती (रिफॅम्पिसिननं ती होते, पहिल्या दिवशी घाबरायला होतं), सगळं नीट चाललंय म्हणेपर्यंत मानेतली गाठ अचानक फुगली. शेजारी दुसरी आली. वरची कातडी लाल झाली आणि दुखायला लागलं, आधी ती गाठ दुखत नव्हती हे विशेष. माझ्या डोक्यात लगेच एमडीआर, म्हणजे औषधाला दाद न देणारा टीबी, आणि मग रात्रभर मोबाईल. डॉक्टरांनी सुई घालून पू काढला, कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतो का बघायला, पाठवला आणि म्हणाले, "अहो, औषध लागू पडतंय तेव्हाही असं होतं. जंतू मरतात, त्यांचे तुकडे गाठीत पडून राहतात आणि तुमचं शरीर त्या तुकड्यांवर तुटून पडतं. कल्चर येऊ द्या, पण मला ही तुमचीच रिअ‍ॅक्शन वाटतेय." सीबीनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, परत करू या का विचारलं तर म्हणाले, त्यात मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडला जातो, पॉझिटिव्ह आली तरी आपल्याला काही कळणार नाही. जिवंत आहे का मेला ते कल्चर सांगेल, आणि निगेटिव्ह म्हणायला लॅबला सहा आठवडे लागतात.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला, काही उगवलं नव्हतं. म्हणजे माझी मान सुजवून ठेवली होती ती टीबीच्या जिवंत जंतूनं नाही, माझ्या त्या 'कमी झालेल्या' इम्युनिटीनं. औषध तेच चालू ठेवलं, गाठ अजून एकदा सुईनं रिकामी केली, आणि ती हळूहळू बसली.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. डॉक्टर नाही मी, बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी होतं तेवढ्या भांडवलावर वाचत गेले. आणि जितकं वाचलं तितकं वाटायला लागलं की टीबीच्या बाबतीत कमी-जास्त हा हिशेबच अपुरा आहे.

सुरुवातीपासून बघू. छातीच्या टीबीचा पेशंट खोकतो, बोलतो, तेव्हा हवेत बारीक थेंब सुटतात. मोठे थेंब खाली पडतात, पण 1 ते 5 मायक्रॉनचे कण तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशात पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, आलेली धूळ, जंतू, काय असेल ते गिळून टाकणं हे त्यांचं काम. अशा गिळणाऱ्या पेशी शरीराचं संरक्षण करतात ही कल्पना एली मेचनिकॉफला 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना गावी सुचली, त्यानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये गुलाबाचे काटे खुपसले आणि काट्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. त्याच 1882 मध्ये, 24 मार्चला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. एकाच वर्षात एकाला चोर सापडला आणि दुसऱ्याला पहारेकरी, आणि दोघांनाही माहीत नव्हतं की हा चोर राहायलाच पहारेकऱ्याच्या पोटात जातो.

कारण टीबीचा जंतू गिळला जातो, पण पचत नाही. एरवी मॅक्रोफेज जंतूला एका पिशवीत घेते आणि त्या पिशवीला आम्लानं आणि पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन चिकटते, खेळ खलास. टीबीचा जंतू हे चिकटणंच थांबवतो. अंगावर मेणचट जाड कवच, त्यात घाई अजिबात नाही. पोटातला साधा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला साधारण वीस तास लागतात. आणि कॉलऱ्याचा किंवा धनुर्वाताचा जंतू जसं एक जहाल विष सोडतो आणि आजाराची बहुतेक लक्षणं त्या विषाचीच असतात, तसं टीबीत नसतं. तो नुसता आत बसून राहतो. मग माणूस झिजतो कशानं, ताप कशानं येतो, फुफ्फुसाला भोक कशानं पडतं?

इथून पुढे आपल्याच शरीराची गोष्ट सुरू होते.

पहिले काही दिवस शरीराच्या मोठ्या यंत्रणेला, म्हणजे टी पेशींना, पत्ताच नसतो. फ्लूमध्ये साधारण आठवड्याभरात त्या कामाला लागतात. टीबीत मात्र जंतूची खबर फुफ्फुसातून जवळच्या लिम्फ नोडपर्यंत पोचायलाच उशीर होतो, तो उशीरही बहुधा जंतूच घडवून आणतो, आणि मँटू टेस्ट (टीबीची लागण बघायला कातडीत टोचून करतात ती) पॉझिटिव्ह यायला लागण झाल्यापासून 2 ते 8 आठवडे जातात. तोवर जंतूंनी बस्तान बसवलेलं असतं. मग टी पेशी येतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप सोडतात, त्यानं मॅक्रोफेजला जोर चढतो, टीएनएफ नावाचा दुसरा पदार्थ सगळ्यांना एकत्र धरून ठेवतो, आणि जंतूभोवती पेशींचे थरावर थर बसून एक गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. माझ्या एफएनएसीच्या, म्हणजे गाठीत सुई घालून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये हाच शब्द होता. आत मधोमध पेशी मरून पांढरट पिवळा मऊ लगदा होतो, सुईतून माझ्या मानेतला निघाला तो मी पाहिलाय, अगदी पातळ झालेल्या खरवसासारखा दिसत होता (त्यानंतर बरेच दिवस खरवस घशाखाली उतरला नाही).

बहुतेक लोकांची गोष्ट इथेच थांबते. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येला कधी ना कधी टीबीची लागण झालेली आहे आणि त्यातल्या 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांना आयुष्यभर कळतही नाही. काहींमध्ये जंतू मरून जात असावा, काहींमध्ये तो नुसता थांबून राहतो, आणि थांबतो म्हणजे किती? डेन्मार्कमध्ये एका माणसाला 1994 मध्ये टीबी झाला, त्याच्या जंतूचा ठसा त्याच्या वडिलांच्या 1961 मधल्या जपून ठेवलेल्या जंतूशी जुळला. तेहतीस वर्षं तो मुलाच्या छातीत होता. हे वाचल्यावर मी आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या खोकल्यांची मनातल्या मनात उजळणी केली. आजोबांना 'छातीत पाणी झालं होतं' एवढंच आम्हाला माहीत होतं.

त्या पाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडे दर दोन घरांआड कुणाला तरी ते झालेलं असतं. टीबीत फुफ्फुसाच्या आवरणात जे पाणी साचतं त्यात जंतू फार थोडे सापडतात, कित्येकदा सापडतच नाहीत. थोडेसे जंतू किंवा त्यांचे तुकडे आवरणात सांडतात आणि त्यावर टी पेशींची जी झुंबड उडते तिचं ते पाणी. म्हणून तर डॉक्टर त्या पाण्याची एडीए टेस्ट करतात. एडीए हे शरीराच्या संरक्षक पेशींमधलं एन्झाईम, ते 40 च्या वर गेलं की टीबीचा संशय पक्का होत जातो. जंतू मिळत नाही म्हणून आपण शरीराचा राग मोजतो आणि त्यावरून जंतू होता म्हणतो.

आता भोक. छातीच्या टीबीत एक्स-रेवर जी कॅव्हिटी दिसते ती जंतूनं कुरतडून केलेली नसते. ग्रॅन्युलोमाच्या मधला लगदा पातळ होतो, आपल्याच पेशींनी सोडलेली एन्झाईम्स आजूबाजूचं फुफ्फुस विरघळवतात, आणि ती पोकळी श्वासनळीत फुटते. तिथे हवा खेळती, जंतूला हवीच असते ती, आणि बाहेर पडायला रस्ता मोकळा. खोकल्याबरोबर हजारो जंतू हवेत. आता गंमत बघा, शरीरानं काहीच केलं नसतं तर ही पोकळी झाली नसती आणि जंतूला दुसऱ्या माणसापर्यंत जाताच आलं नसतं. एचआयव्ही खूप वाढलेल्या पेशंटमध्ये जंतू अंगभर पसरलेले असतात तरी छातीत कॅव्हिटी कमी दिसतात, ती पाडणाऱ्या टी पेशीच उरलेल्या नसतात. 2020 मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की जंतूच्या कवचातला सल्फोलिपिड नावाचा एक पदार्थ वेदनेच्या नसांना चेतवतो आणि त्यानंच गिनीपिगला खोकला येतो. म्हणजे खोकतो आपण, पण बटण त्याच्याकडे.

आणि मला सगळ्यात जास्त हादरवलं ते 2010 च्या एका अभ्यासानं. फ्लूचा विषाणू, मलेरियाचा परजीवी, एचआयव्ही, हे सगळे आपल्या टी पेशी आणि अँटिबॉडीज ज्या भागांना ओळखतात नेमके तेच भाग सारखे बदलत राहतात, ओळखू येऊ नये म्हणून. टीबीच्या जगभरातल्या 21 जाती घेऊन तपासलं तर उलटच निघालं. टी पेशी ज्या तुकड्यांना ओळखतात तेच तुकडे जंतूनं सगळ्यात जास्त जपून, न बदलता ठेवलेत. त्याचा सरळ अर्थ असा निघतो की आपण ओळखलं जावं यात त्याचा फायदा असावा. आपण चिडावं, गाठ करावी, पोकळी पाडावी, खोकावं. सत्तर टक्के झोप आणि तीस टक्के चिडचिड अशा त्या दिवसांत हे वाचून मला जंतूबद्दल चक्क आदर वाटला होता.

मग इम्युनिटी वाढवली तर काय होतं हे कुणी करून पाहिलं का? पाहिलं, आणि करणारा साधासुधा माणूस नव्हता. आपल्या आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात टीबीनं गेल्या, बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या बाईला द्यायलासुद्धा तेव्हा कुणाकडे औषध नव्हतं. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांनी, 1890 मध्ये, खुद्द रॉबर्ट कॉखनं जाहीर केलं की टीबीवर उपाय सापडलाय. काय आहे ते सांगेना. जगभरातून पेशंट बर्लिनला धावले, हॉटेलं भरली, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. तो उपाय म्हणजे ट्युबरक्युलिन, टीबीच्या जंतूचा ग्लिसरीनमधला अर्क. निरोगी माणसाला टोचला तर फारसं काही होत नसे, टीबीच्या पेशंटला टोचला की सणसणून ताप, थंडी, आणि जिथे आजार असेल तिथे सूज. कॉखला वाटलं ही सूजच आजाराला जाळून टाकेल. प्रत्यक्षात कित्येकांची तब्येत आणखी बिघडली, काही दगावले, आणि 1891 च्या सुरुवातीला रुडॉल्फ व्हिर्शोनं शवविच्छेदनं करून दाखवलं की या 'उपचारा'नंतर जंतू उलट नव्या जागी पसरलेले दिसतात. आज वाचताना कळतं की कॉखनं जे टोचलं ते एका अर्थानं जगातलं सगळ्यात जोरदार बूस्टर होतं. टीबीच्या पेशंटची टीबीविरुद्धची प्रतिक्रिया त्यानं खरोखर वाढवली होती.

औषध म्हणून ते मेलं पण टेस्ट म्हणून जगलं. 1907 मध्ये व्हिएन्नात फॉन पिर्केनं त्याचा थेंब कातडीवर ओरखडा काढून लावला, वर्षभरानं शार्ल मँटूनं कातडीच्या आत टोचायची पद्धत आणली, तीच आपली मँटू. दोन-तीन दिवसांनी हातावर जो टणक फुगा येतो तो टी पेशींचा, पट्टीनं मोजतात तो त्यांचाच घोळका. त्याच पिर्केच्या लक्षात आलं की गोवर झालेल्या मुलांची मँटूसारखी टेस्ट काही दिवस निगेटिव्ह होते, शरीर टीबीला जणू विसरतं. गोवर शरीराच्या आठवणींवर घाला घालतो हे पुढे 2019 मध्ये अँटिबॉडीज मोजून नीट सिद्ध झालं, लस न घेतलेल्या मुलांमध्ये गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धच्या जुन्या अँटिबॉडीज 11 पासून 73 टक्क्यांपर्यंत पुसल्या गेल्या होत्या. गोवर काय, सगळ्यांनाच व्हायचा, असं म्हणणाऱ्या आजीबाईंना हे सांगायची सोय नाही.

आता याचा अर्थ इम्युनिटी कमी असलेली बरी असाही नाही. उगाच कुणी तसं वाचू नका. सीडी4 पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) घसरल्या की टीबी उसळतो, हे एचआयव्हीनं सगळ्या जगाला दाखवलं. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारी औषधं आली तेव्हा काही पेशंटच्या छातीतले जुने, बंदिस्त जंतू सुटले आणि टीबी झाला, 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतरच्या अशा 70 केसेस एकत्र छापून आल्या. म्हणून आता ती औषधं सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात. शुगर असेल तर टीबीचा धोका साधारण तिप्पट. सिगारेट, दारू, दगडाच्या खाणीतली धूळ, सगळं त्याच यादीत. टीएनएफ काढून घेतला की गाठ उसवते. पण जास्त झाला तर? ललिता रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेत झेब्राफिश माशांवर हे बघितलंय. या माशाची पिल्लं पारदर्शक असतात (पुन्हा मेचनिकॉफचीच युक्ती), टीबीचा चुलतभाऊ असलेला मासळीचा जंतू त्यांना टोचतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा बनताना डोळ्यांनी बघतात. त्यात दिसलं की मेलेल्या मॅक्रोफेजना गिळायला नव्या मॅक्रोफेज धावून येतात आणि जंतू आयताच त्यांच्यात शिरतो, म्हणजे गाठ ही फक्त तुरुंग नाही, सुरुवातीला तर ती जंतूची वाढायची जागा. आणि प्रतिक्रिया कमी पडली तरी मासा मरतो, अति झाली तरी मॅक्रोफेज फुटून जंतू बाहेर सांडतो आणि मासा मरतोच. मधली एक अरुंद पट्टी आहे, जगणं तेवढ्यातच.

माणसांत याचा रोकडा पुरावा म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी. कवटीत सुजेला जागा नसते. व्हिएतनाममध्ये मोठा अभ्यास झाला, 2004 मध्ये छापला, टीबीच्या गोळ्यांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड दिलं तर मृत्यू कमी झाले. स्टेरॉईड म्हणजे इम्युनिटी दाबणारं औषध. जंतूच्या आजारात इम्युनिटी दाबून जीव वाचवायचा, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण डॉक्टर ते रोज करतायत. एचआयव्हीच्या पेशंटला एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, सुरू केलं की पेशी परत येतात आणि कधीकधी त्याच आठवड्यांत त्याचा झाकलेला टीबी भडकून उठतो. माझ्या मानेतली भानगड याच जातीची, फक्त लहान आवृत्ती.

कुष्ठरोगात तर ही गोष्ट आणखी उघडी दिसते. टीबीच्याच कुळातला जंतू, हान्सेननं नॉर्वेत 1873 मध्ये शोधलेला. जंतू एकच, पण ज्याचं शरीर टी पेशींची जोरदार प्रतिक्रिया देतं त्याच्या अंगावर एक-दोनच चट्टे, जंतू जवळपास शून्य, पण नसा लवकर जातात, बधिरपणा येतो. ज्याचं शरीर ती प्रतिक्रिया देत नाही त्याच्या कातडीत अब्जावधी जंतू, चेहरा जाड होतो, गाठी येतात. दोन टोकांना दोन वेगळे आजार वाटावेत इतका फरक, आणि तो जंतूनं नाही, पेशंटच्या शरीरानं केलेला. औषध चालू असताना नसा सुजून अचानक हात लुळा पडतो त्याला तर कुष्ठरोगाच्या दवाखान्यात सरळ 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणतात, एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाचं औषध, चालूच ठेवतात आणि वर स्टेरॉईड देतात. आपल्याकडे ज्यांनी या पेशंटमध्ये आयुष्य घातलं त्यांना हे पाठ असणार.

डेंग्यूचंही बघा ना, चार प्रकार, एक होऊन गेला की त्याच्यापुरतं संरक्षण, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर पहिल्याच्या अँटिबॉडीज विषाणूला पेशीत शिरायला मदत करू शकतात आणि दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर होऊ शकतो. आणि कोविड तर आपण सगळ्यांनीच भोगला. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं सांगितलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये डेक्सामेथासोननं मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले, पण ज्यांना ऑक्सिजनचीच गरज नव्हती त्यांना काहीही फायदा नाही. हे दुसरं अर्धं वाक्य 2021 च्या उन्हाळ्यात आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ताप आला की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चिठ्ठीवरून स्टेरॉईड सुरू. त्यात शुगर वाढलेली, आणि मागोमाग म्युकर, काळी बुरशी, डोळे काढावे लागले लोकांचे. वाढवा म्हणणारे आणि दाबा म्हणणारे दोघंही एकच गोष्ट विसरतात, कधी आणि किती.

टीबीच्या लशीचं घोडं याच चिखलात अडकलंय. डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा. काल्मेत आणि गेरां या दोघांनी फ्रान्समध्ये गाईच्या टीबीचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांवर 1908 पासून 1921 पर्यंत 230 वेळा वाढवून वाढवून नरम केला. लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती खरोखर वाचवते, म्हणून बाळाला टोचायचीच, त्यात वाद नको. पण मोठेपणीच्या छातीच्या टीबीला ती अडवते का? तमिळनाडूत चिंगलपेटला 1968 मध्ये अडीच लाखांहून जास्त लोकांवर अभ्यास सुरू झाला, पंधरा वर्षांचा पाठपुरावा, आणि उत्तर आलं, नाही. मग ऑक्सफर्डच्या लोकांनी बीसीजीवर वरून द्यायची एमव्हीए85ए नावाची लस केली. दक्षिण आफ्रिकेत जवळजवळ 2800 बाळांवर तपासली, 2013 मध्ये निकाल आला. टी पेशी वाढल्या, इंटरफेरॉन गॅमा वाढला, जे जे वाढायला हवं असं वाटत होतं ते वाढलं, आणि टीबी? तो काही कमी झाला नाही. सध्या एम72 नावाच्या लशीकडे डोळे लागलेत, आधीच्या टप्प्यात लागण झालेल्या प्रौढांमध्ये तिनं आजार साधारण निम्म्यावर आणला होता आणि 2024 पासून मोठी ट्रायल चालू आहे. पण शरीरातलं नेमकं काय मोजलं की हा माणूस सुरक्षित असं म्हणता येईल, त्याचा आकडा शास्त्रज्ञांच्याही हातात आजपर्यंत नाही. बाटलीवाल्यांच्या हातात मात्र आहे.

एवढं सगळं वाचून झाल्यावर आईनं विचारलं, "मग आता खायचं तरी काय?" आणि हा प्रश्न माझ्या सगळ्या वाचनापेक्षा सरळ होता. कारण टीबी रोखणाऱ्या गोष्टींमध्ये अलीकडचा मला सगळ्यात पटलेला पुरावा जेवणाचाच आहे. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राशन्स नावाची ट्रायल केली. छातीच्या टीबीच्या पेशंटच्या घरातले 10,345 लोक. अर्ध्या घरांत फक्त पेशंटला शिधा, बाकी घरांत पेशंटबरोबर घरातल्या सगळ्यांनाच, माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना मिळालं तिथे नवा टीबी साधारण 40 टक्क्यांनी कमी झाला, आणि पसरणारा छातीचा टीबी जवळजवळ निम्म्यावर आला. डाळ-तांदूळ. आणि पेशंटचं म्हणाल तर पाचातले चार जण कमी वजनाचे होते, त्यातही ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यातले मृत्यू लक्षणीय कमी होते.

यात टी पेशी जास्त झाल्या का टीएनएफ बेतात राहिला हे शास्त्रज्ञ शोधतील. मला एवढं दिसतं की उपाशी शरीराला ती मधली अरुंद पट्टी सांभाळता येत नाही, ते एकतर गप्प बसतं नाहीतर भलत्या वेळी भडकतं. सरकार निक्षय पोषण योजनेत पेशंटच्या खात्यात महिन्याला 500 रुपये टाकायचं 2018 पासून, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले, चांगलं झालं. पण झारखंडमध्ये फरक पडला तो पेशंटच्या शेजारी जेवायला बसणाऱ्यांच्या ताटामुळे, ज्यांना अजून खोकलाही नव्हता. आमच्या घरी ताटं भरलेली होती म्हणून मला गाठीची चिंता करायची चैन परवडली. औषध घ्यायला मी ज्या सरकारी दवाखान्यात जायचे तिथे रांगेत माझ्या पुढे एक बाई असायची, वजनकाट्यावर चढण्याआधी चप्पल काढायची का नाही हे ती दर वेळी सिस्टरना विचारायची, आणि सिस्टर म्हणायच्या, "राहू दे गं, तेवढंच जास्त भरेल."